नकाशातून राहून गेलेला झरा

मंगळवार, १२ मार्च. सकाळी गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. दहा वाजता इस्त्रीवाला कपडे देऊन गेला. उशीचा एक अभ्रा कमी. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आत्या परत आली, ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी. जेवली नाही. बूटही न काढता टेबलापाशी बसली. ग्लासभर पाणी मागितलं, मी दिलं, तर त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

एवढीच त्या दिवशीची नोंद आहे. बाकीचं पुढच्या दोन महिन्यांत थोडं थोडं कळत गेलं, ते इथे एका जागी लिहिते आहे.

आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद. माझ्या मुलाच्या तोंडून ऐकून ऐकून मीही तिला आत्या म्हणू लागले आणि हळूहळू दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत ती सगळ्यांचीच आत्या झाली. वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून ती मला अजून "अहो वहिनी" म्हणते आणि भांडतानाही "तुम्ही"च म्हणते. त्यामुळे आमची भांडणं फार रंगत नाहीत.

एकतीस वर्षं ती नकाशांच्या कचेरीत नकाशे उतरवायचं काम करत होती. मोजणीदार डोंगरदऱ्या फिरून पेन्सिलीने मूळ शीट काढून आणत. त्यावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि टाकाने शाईत उतरवून घ्यायचं. प्रत्येक रंगाचं कापड वेगळं आणि प्रत्येक रंगाचं टेबल वेगळं. काळ्या टेबलावर घरं आणि रस्ते, तपकिरीवर डोंगरांचे चढ, हिरव्यावर झाडी. आत्या निळ्या टेबलावर. म्हणजे पाणी, फक्त पाणी. नद्या, ओढे, तळी, विहिरी, झरे. दोनशे चौदा शीटांवरचं पाणी तिने उतरवलं आणि त्यातला एक ओढाही कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सुट्टीच्या दिवशी आम्ही बागेत गेलो तर कारंज्यासमोर उभी राहून म्हणायची, "वहिनी, हे कुठल्या शीटवर नाही."

निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात रद्दीत निघालेली जुनी शीटं पाठपिशवीत घालून निघाली. तिचा एक नियम होता. शीटच्या कडेपर्यंत साध्या बसने जायचं, आणि एकदा शीटमध्ये शिरलं की पायीच. एका शीटला पंधरा दिवस. कुणाच्या ओसरीवर, शाळेच्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे राहायचं. आधी पुस्तकं वाचून जायचं नाही. तिथल्या माणसांना विचारायचं आणि परत आल्यावर वाचायचं.

"तुझ्याआधी पोस्टकार्ड पोचेल," मी म्हणायची.

"पोस्टकार्डाला वाटेत कोणी चहा देत नाही," ती म्हणायची.

माझा मुलगा तिला चिडवायचा, "आत्या, सरकारने तुला पेन्शन दिलं, पायपीट नाही दिली." पण परत आली की तोच आधी तिची वही उघडायचा. त्या वह्यांमुळे मलाही पुष्कळ कळलं. नकाशावर 'ओढा' एवढंच लिहिलेल्या एका ओढ्याला वरची वस्ती थोरली म्हणते आणि मधली वस्ती आंधळी, कारण तिथे तो शंभर पावलं जमिनीखालून जातो. एका माळावरच्या सात विहिरी सारख्या अंतरावर कशा, याचा तिने चार दिवस चालून शोध घेतला. ओझ्याच्या जनावरांचा जुना रस्ता तिथून जात होता आणि एकेक विहीर म्हणजे अर्ध्या दिवसाची चाल. कुठल्या विहिरीचं पाणी गोड होतं, हे ती काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या चरांवरून ओळखायची; जिथे चर सर्वांत खोल, तिथे लोक सर्वांत जास्त थांबले. संध्याकाळी बारके पक्षी कुठल्या बाजूला झेपावतात ते बघून तिने दोनदा पाणी शोधलं. सोळा वर्षांत एकोणतीस शीटं झाली. या मार्चमधलं तिसावं.

त्या शीटच्या सातव्या दिवशी ती एका डोंगराच्या कुशीत पोचली. तिथे वीस-बावीस घरांची वस्ती होती. घरांच्या वर कातळात एक फट, फटीभोवती ओली नाजूक पानं, आणि खाली अखंड दगडात कोरलेली दोणी, पाण्याने काठोकाठ. बायका हंडे भरत होत्या. आत्याने शीट उघडलं. शीटवर तिथे काहीच नव्हतं. तिला आनंदच झाला. नकाशावर नसलेलं पाणी सापडणं म्हणजे तिला लॉटरी लागण्यासारखं होतं. जवळ एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. त्याला तिने विचारलं, "हा झरा नवा फुटला का?"

तो हसला. "नवा? ही दोणी माझ्या आज्याच्या आज्याने कोरली. बाई, तुम्हीपण खाणवाल्यांच्याच का? तेही असंच कागद बघतात आणि म्हणतात, इथे पाणी नाही."

मग त्याने सांगितलं. वरच्या उतारावर खडीची खाण निघणार होती. वस्तीने अर्ज केला, सुरुंग लावले तर कातळ फुटेल, झरा आटेल. उत्तर आलं की अधिकृत नकाशावर या ठिकाणी कोणताही झरा दाखवलेला नाही. सुनावणी दोन एप्रिलला.

आत्याने शीटचा खालचा कोपरा पाहिला. तिथे, भिंगाशिवाय दिसू नयेत इतक्या बारीक अक्षरांत, उतरवणाऱ्याच्या नावाची अक्षरं असतात. ती तिचीच होती. म्हाताऱ्याला काही न सांगता ती पिशवी घेऊन निघाली आणि मिळेल त्या बसने घरी आली.

पुढचे पाच दिवस ती एकच गोष्ट धरून बसली. कदाचित मोजणीदाराचीच चूक असेल, त्यानेच झरा काढला नसेल. मी म्हटलं, "असेलच. उन्हात फिरणारी माणसं ती."

"तुम्ही माझी समजूत काढताय."

"मग कोणाची काढू?"

सोमवारी अठरा तारखेला ती जुन्या कचेरीत गेली. अभिलेख खोलीचा शिपाई तिच्या ओळखीचा होता, तोही आता निवृत्तीला आलेला. त्याने मूळ शीट काढून दिलं. संध्याकाळी ती आली आणि आल्याबरोबर म्हणाली, "मोजणीदाराने काढलाय."

निळ्या टेबलाची पद्धत अशी होती. पेन्सिलीतलं एक पाणी शाईने कापडावर उतरवलं की मूळ शीटवर त्याच्याशेजारी बारीक खूण करायची. आधी शाई, मग खूण. तपासणारी हेडबाई शेवटी खुणा मोजायची. एकही पाणी खुणेशिवाय नसेल तर सही. त्या झऱ्याशेजारी आत्याच्या हातची खूण होती. कापडावर झरा नव्हता.

"एकच वेळ अशी यायची," ती म्हणाली. "शीट त्याच दिवशी द्यायचं असलं आणि चार-सहा बारकी पाणी उरली असली, की मी खुणा आधी करून टाकायची आणि मग सरसर उतरवत जायची. सगळ्याच करायच्या, पण कोणी बोलायचं नाही. मध्ये कोणी उठवलं असणार. दुसऱ्या दिवशी खुणा पूर्ण दिसल्या, म्हणून मी गुंडाळून दिलं असणार." मग म्हणाली, "कापडावर तारीख आहे. नऊ ऑगस्ट चौऱ्याहत्तर. वहिनी, तुमच्या डायरीत बघता?"

शाळेत सिस्टरांनी लावलेली रोज लिहायची सवय मी कधी मोडली नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वह्या पलंगाखालच्या पेटीत आहेत. माझा मुलगा त्या संध्याकाळी आला होता आणि तिला समजावत होता.

"आत्या, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोण विचारतंय तुला? वस्तीला मूळ शीटची प्रत मिळवून दे आणि मोकळी हो. तू कशाला जातेस? त्यांचा वकील तुला फाडून खाईल."

"नुसती प्रत दिली तर ते म्हणतील, मोजणीदाराने काढलेलं कचेरीने विचार करून गाळलं. गाळलं नाही, राहिलं, हे मीच सांगू शकते. दुसरं कोण सांगणार?"

मी वही काढली. पान सापडलं आणि वाचावंसं वाटेना. मुलगा म्हणाला, "वाच ना आई."

मी वाचलं. "शुक्रवार, ९ ऑगस्ट. बाळाला सकाळपासून ताप. हे गावाला. अडीचला बाळाला झटका आला, डोळे फिरवले. शेजारच्या दुकानातून आत्याच्या कचेरीत फोन केला. ती साडेतीनला धावत आली, बाळाला तिनेच उचलून दवाखान्यात नेलं. सातला ताप उतरला. आत्याच्या साडीवर शाईचा डाग, निघाला नाही."

माझा मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर केस कमी झालेत. त्याने खुर्चीवरून उठून खिडकी उगाचच बंद केली.

"मग तर तुझी चूकच नाही," तो म्हणाला.

"हात माझा होता," आत्या म्हणाली. "तुला ताप आला म्हणून मी दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही, असं कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी तू बिस्कीट खात होतास."

मला मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. फोन मी केला होता. वीस-बावीस घरं, आणि माझा एक फोन.

दोन दिवसांनी हेडबाईंचा फोन आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, पण आवाज अजून तपासणीचा. शिपायाने सांगितलं असणार. आत्याने फोन स्पीकरवर ठेवला, कारण तिला एका कानाने कमी ऐकू येतं.

"अगं, तू लोकांसमोर जाऊन सांगणार आहेस म्हणे? एका झऱ्यासाठी? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, त्या टेबलावरच्या बायका आधी खुणा करायच्या आणि नकाशा काढायच्या. आमच्या सगळ्यांच्या रेघांवर चिखल."

"बाई, करायचोच आपण."

"मला नको सांगू. मी खुणा मोजून सही केली. म्हणजे मी काय आंधळी होते?"

"तुम्ही खुणाच मोजायच्या होत्या. नियमच तसा होता."

"तुझ्या निरोपाच्या दिवशी मीच बोलले होते, एकतीस वर्षांत एक चूक नाही. सगळ्यांसमोर बोलले होते."

"हो. आणि मी हार घालून बसले होते," आत्या म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

एक एप्रिलला आम्ही निघालो. मुलगा गाडीने सोडतो म्हणाला. आत्याने नाही म्हटलं. मीही हट्टाने बरोबर गेले. तीन साध्या बस, मग चार किलोमीटर पायी. तिच्या प्रवासात मी पहिल्यांदाच होते. मला वाटलं होतं, वाटेत झाडं दाखवेल, ओढ्यांची नावं सांगेल. ती खाली मान घालून चालत होती. मीच विचारलं, "हे कसलं झाड?" तर म्हणाली, "माहीत नाही," आणि तिला माहीत होतं. माझ्या गुडघ्यासाठी दर दहा मिनिटांनी थांबायची, तेवढंच. मी म्हटलं, "कासव तरी बरं." एरवी तिने उलट काहीतरी ऐकवलं असतं.

झऱ्यापाशी पोचलो तेव्हा मेंढपाळ तिथेच होता. आत्याने बसण्याआधी त्याला सांगितलं, नकाशा मी काढला होता, आणि झरा माझ्याकडून राहिला.

त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही आम्हाला पुसलंत?"

"पुसलं नाही. काढायचंच राहिलं."

"आमच्याकडून बघाल तर एकच की ते."

"हो," आत्या म्हणाली.

हंडे भरणाऱ्या बायकांपैकी एकीने हे ऐकलं आणि बाकीच्यांना सांगितलं. त्यांनी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. आमच्याशी बोलणं मात्र थांबवलं. त्या रात्री आम्ही शाळेच्या खोलीत झोपलो. पाण्याची कळशी कोणीतरी दारात ठेवून गेलं होतं; कोणी, ते कळलं नाही.

सुनावणी त्याच शाळेत झाली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अधिकारी तरुण होता, शांत होता. आत्याने मूळ शीटची शिक्क्याची प्रत त्याच्यासमोर ठेवली, भिंग दिलं आणि खूण दाखवली. पद्धत सांगितली. त्या दिवशी काय घडलं तेही सांगितलं, पण "घरातून फोन आला" एवढंच. कोणाचा आणि का, ते सांगितलं नाही.

खाणवाल्यांचा वकील उठला. आवाज अगदी गोड. "आजी, तुम्ही प्रामाणिक आहात, मला आदर आहे. फक्त एक सांगा. शाई न लावता खूण, असं एकतीस वर्षांत आणखी किती वेळा झालं?"

तिने "एवढंच एकदा" म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते. आदल्या दिवशी बसमध्ये मी तिला तसं सांगितलंही होतं.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

"अंदाजे?"

"अंदाजाने पाणी काढत नाहीत."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकीलही हसला. "म्हणजे साहेब, या बाईंच्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, असं त्याच सांगताहेत. मग खुणेचा हा कागद तरी कशाचा पुरावा?"

आत्या खाली बसली नाही. "खुणेवर नका ठेवू भरवसा," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "खूण माझी आहे. झरा मोजणीदाराने काढलाय, तो इथे येऊन, बघून. तुम्हीही आला आहात. दोनशे पावलांवर आहे. चला, बघा."

अधिकारी पेन ठेवून उठला, आणि सगळी शाळा त्याच्यामागून वर गेली. त्याने दोणीत हात घातला, मनगटाइतकी येणारी धार बघितली, फोटो काढले. निकाल नंतर कळवतो म्हणाला. परत येताना मेंढपाळ आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला. "बोललात बरं," एवढंच म्हणाला.

निकाल चोवीस एप्रिलला आला. वस्तीवरच्या मास्तरांनी फोनवर वाचून दाखवला. नकाशात त्रुटी असल्याचं मान्य. नव्याने मोजणी होईपर्यंत खाणीचं काम थांबवावं. आत्याने "बरं झालं" म्हटलं, आणि मग विचारलं, "धार कशी आहे?"

मास्तरांनी मग तेही सांगितलं. सुनावणी आणि निकाल यांच्यामधल्या तीन आठवड्यांत खाणवाल्यांनी वर चाचणीचे दोन सुरुंग लावले होते. तोवर मनाईचा हुकूम नव्हता. त्यानंतर धार करंगळीएवढी झाली. सकाळी लावलेला हंडा भरायला आता दुपार होते. बायका रांगेत बसतात. "पाऊस झाल्यावर वाढेलही कदाचित," मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर आत्याने मला विचारलं, "मी मार्चमध्ये तिथेच थांबून म्हाताऱ्याला सांगितलं असतं, तर सुनावणीची तारीख आधी मिळाली असती का?" मी म्हटलं, नसती मिळाली. मला तसं माहीत नव्हतं.

त्यानंतर तिने पाठपिशवी काढली नाही. एकतिसावं शीट टेबलावर घडी घातलेलंच राहिलं. तिच्या वह्या मी एक-दोनदा उघडून समोर ठेवल्या. सात विहिरींचं पान काढून म्हटलं, "हे मला पुन्हा सांग." ती म्हणाली, "त्या शीटवरच्या आठव्या विहिरीचं काय? आठवीही असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. शीटवर सात होत्या म्हणून मी सातच बघितल्या."

मे महिन्याच्या पाचव्या तारखेला सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "वहिनी, मी कचेरीतून मध्येच उठून घरी आले असे दिवस तुमच्या डायऱ्यांत असतील. बहात्तर ते तीनपर्यंत. तेवढे काढून द्याल?"

"कशाला?"

"त्या तारखांची शीटं मी परत चालून येईन. सगळी दोनशे चौदा होणार नाहीत. तेवढी होतील."

"गुडघ्यांना विचारलंस का?"

"त्यांना कुठे डायरी लिहिता येते," ती म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच ती असं काही बोलली, म्हणून मी वाद घातला नाही.

पाच दिवस मी पलंगापाशी खाली बसून वह्या चाळल्या. माझी बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, यांचा अपघात, चोरी झाली तो दिवस. प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं होतं, आत्याला फोन केला, आत्या आली. सतरा तारखा निघाल्या. त्यांतल्या पंधरा तारखांना फोन मी केला होता. मी त्या स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्या. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नसता बोलावलं तर मी रागावले असते."

शिपायाच्या मदतीने तिने त्या तारखांची शीटं शोधली. अकरा सापडली. पहिलं शीट घेऊन ती आज सकाळी सात वाजता निघाली. या वेळी पिशवीत नेहमीच्या वहीबरोबर मूळ शीटची प्रत आणि भिंग होतं, आणि एरवी बरोबर असणारं पक्ष्यांचं पुस्तक तिने मुद्दाम घरी काढून ठेवलं. मी बसथांब्यापर्यंत गेले. बस उशिरा आली. तिने खिडकीतून हात केला नाही. प्रत मांडीवर उघडून ती झऱ्यांवर पेन्सिल फिरवत होती.

सोमवार, १३ मे. संध्याकाळी स्वयंपाकघरातला सिलिंडर संपला, दुसरा लावला. भात एका वाटीचा टाकला.